लेस्टर पिगॉटचा तुरुंगवास
ऑक्टोबर 1987 मध्ये इंग्लंडात इप्सविचच्या न्यायालयाने लेस्टर पिगॉटला करचुकवेगिरीबद्दल तीन वर्षांची कैद सुनावली. एप्समची डर्बी नऊ वेळा जिंकलेल्या या जॉकीने तीस लाख पौंडांहून अधिक उत्पन्न दडवलं होतं. ही शिक्षा कडक होती की सौम्य, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती न्याय्य होती का हे ठरवायचं, तर कर बुडवूनही तुरुंगात न गेलेल्यांकडे बघावं लागतं.

ब्रिटिश प्राप्तिकर खात्याचा रिवाज जुना होता. सगळं कबूल करा, वह्या दाखवा, थकलेला कर व्याज-दंडासह भरा. मग सहसा खटला होत नसे. मंत्र्यांनी संसदेत दिलेलं हे आश्वासन संशयिताला ऐकवलं जाई, म्हणून हॅन्सार्ड या संसदेच्या इतिवृत्ताच्या नावावरून या रिवाजाला हॅन्सार्ड पद्धत म्हणत. 1941 मध्ये बार्कर खटल्यात अपील न्यायालयाने, अशा आमिषाने मिळालेला पुरावा चालणार नाही, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलून तो ग्राह्य केला. खात्याला वसुली हवी होती, आणि ती इच्छा रास्तच होती. पण तिची किंमत कुणी मोजली? सधन करबुडवा बंद दाराआड हिशेब मिटवी आणि सरकारी भत्त्यात लबाडी करणारा गरीब कोर्टात उभा राही. अभ्यासक डी कुक यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात हीच तफावत मांडली आहे.

पिगॉटलाही कबुलीची ही वाट खुली होती. त्याने मात्र ‘सगळं सांगितलं’ अशा खोट्या निवेदनांवर सह्या केल्या. त्यामुळे प्रसिद्धीपायी त्याचा बळी गेला, असं म्हणता येत नाही. खटला योग्यच होता. यावर कुणी म्हणेल की नामवंत तुरुंगात गेला की हजारो लोक वठणीवर येतात, तेव्हा खटल्यासाठी नामवंतच निवडावा. हा युक्तिवाद मला मान्य नाही. धाक किती बसेल हे आरोपीच्या लौकिकावरून ठरत असेल, तर शिक्षेचं माप गुन्ह्यावरून सुटतं. शिवाय लौकिकाची शिक्षा वेगळी भोगावी लागतेच: 1975 मध्ये मिळालेला ओबीई किताब पिगॉटकडून 1988 मध्ये काढून घेतला गेला. निनावी व्यापाऱ्याकडे काढून घेण्यासारखं असं काही नसतं. आणि मोठ्या नावामुळे खटला सोपाही होत नाही. विनोदी नट केन डॉड 1989 मध्ये लिव्हरपूलच्या ज्यूरीसमोर करचुकवेगिरीच्या सर्व आरोपांतून सुटला.

उपाय तडजोडी बंद करण्यात नाही, त्या उजेडात आणण्यात आहे. ब्रिटनने 2009 च्या कायद्याने त्या दिशेला पाऊल टाकलं आणि जाणूनबुजून 25,000 पौंडांहून अधिक कर बुडवणाऱ्यांची नावं जाहीर करण्याचा अधिकार खात्याला दिला. पूर्ण कबुली देणाऱ्याचं नाव मात्र त्या यादीतही येत नाही.