हिरोकाझु कानाझावा : कराटे स्पर्धेचा आद्य विजेता

हिरोकाझु कानाझावा (३ मे १९३१ – ८ डिसेंबर २०१९) हे शोतोकान शैलीचे जपानी कराटेपटू व प्रशिक्षक. जपान कराटे असोसिएशनच्या पहिल्या अखिल जपान स्पर्धेतील लढतींचे विजेतेपद त्यांनी १९५७ मध्ये पटकावले. त्यांची महत्त्वाची स्पर्धात्मक कारकीर्द मात्र जेमतेम दोन वर्षांची. त्यानंतरची सुमारे सहा दशके त्यांनी शिकविण्यात घालविली.

कानाझावा यांचा जन्म ईशान्य जपानमधील इवाते प्रांतातला. शालेय वयात त्यांनी जुदोचे शिक्षण घेतले होते. कराटेकडे ते वळले टोकियोच्या ताकुशोकु विद्यापीठात. तेथे मासातोशी नाकायामा यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली. ओकिनावा बेटावरची ही विद्या १९२२ मध्ये टोकियोत आणणारे गिचिन फुनाकोशी तेव्हा हयात होते. त्यांचे मार्गदर्शन लाभलेल्या अखेरच्या पिढीत कानाझावा यांची गणना होते. १९५६ मध्ये पदवी घेऊन ते असोसिएशनमध्ये दाखल झाले आणि तिच्या खडतर प्रशिक्षक अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले.

येथे एक पेच समजून घ्यायला हवा. फुनाकोशी यांचा स्पर्धेला विरोध होता. कराटेचा फटका मर्मस्थानावर आणि एकाच घावात निकाल लावण्यासाठी मारायचा, मग त्याचे गुण मोजणार कसे, हा प्रश्न होताच. शिवाय जिंकण्याची चटक लागली की 'काता'चा, म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाच्या एकल हालचालींचा, अभ्यास मागे पडेल ही भीती होती. दुसरीकडे विद्यापीठांतील तरुणांना आपले कसब पारखून पाहायचे होते. नाकायामा यांनी त्यातून वाट काढली. फटका पूर्ण वेगाने, पण शरीराला भिडण्याआधी रोखायचा. असा एक निर्णायक फटका, म्हणजेच 'इप्पोन', साधला की लढत संपली. फुनाकोशी २६ एप्रिल १९५७ रोजी निवर्तले आणि त्याच वर्षी पुढे ही स्पर्धा भरली. गुरूंच्या पश्चात काही महिन्यांतच हे घडावे, याची खंत जुन्या शिष्यांपैकी काहींना वाटली असल्यास नवल नाही.

स्पर्धेच्या तोंडावर कानाझावा यांचा हात मोडला. डॉक्टरांनी खेळण्यास मनाई केली. माघार घेण्याचे त्यांनी जवळपास ठरविलेही होते. परंतु मुलाचा खेळ पाहण्यासाठी आई गावाहून टोकियोला आली होती. दुसरा हात आणि दोन्ही पाय तर शाबूत आहेत ना, असे तिने विचारल्याचे कानाझावा पुढे सांगत. जायबंदी हाताने बचावापुरते काम घेत, दुसरा हात आणि लाथा यांच्या बळावर ते एकेक फेरी पार करीत गेले व विजेते ठरले. कराटेच्या वर्तुळात ही कथा आजही सांगितली जाते. ती सांगताना बहुधा जिद्दीवर भर असतो. पण पायांवरील विलक्षण हुकमतीवाचून नुसती जिद्द तेथे पुरी पडली नसती.

१९५८ ची अंतिम लढत अगदीच निराळी झाली. समोर होते त्यांच्याच तुकडीतील ताकायुकी मिकामी. दोघांना एकमेकांच्या खोड्या तोंडपाठ. वेळ वाढवूनही निर्णायक फटका बसेना, दोघेही संधीची वाट पाहत राहिले. अखेर दोघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. कातामधील विजेतेपदही त्या वर्षी कानाझावा यांच्याकडे आले.

असोसिएशनने १९६१ मध्ये त्यांना हवाईला पाठविले. १९६५ मध्ये ताइजी कासे, केइनोसुके एनोएदा आणि हिरोशी शिराई यांच्यासमवेत ते प्रात्यक्षिकांच्या परदेश दौऱ्यावर निघाले आणि ब्रिटनमध्ये प्रशिक्षक म्हणून राहिले. पुढे जर्मनीतही त्यांनी शिकविले. टोकियोबाहेरच्या या वर्षांनी त्यांच्यातला शिक्षक घडविला, असे म्हणता येईल. भाषा वेगळी, शरीरयष्टी वेगळी, वयाचे बंधन नाही. केवळ दरडावून शिकविणे तेथे चालणारे नव्हते. टोकियोत राहणारे चिनी शिक्षक यांग मिंगशी यांच्याकडे त्यांनी ताइची शिकून घेतले. श्वास आणि हालचाल यांचा मेळ, अनावश्यक ताण सोडून देणे यांवर त्यांच्या वर्गात जो भर असे, त्यात या अभ्यासाचा वाटा होता.

मतभेदांनंतर १९७७ मध्ये ते असोसिएशनमधून बाहेर पडले. पुढल्याच वर्षी त्यांनी शोतोकान कराटे-दो इंटरनॅशनल फेडरेशन स्थापन केली. शोतोकानच्या नेहमीच्या २६ कातांना त्यांनी काही नव्या कातांची जोड दिली. 'सेइएन्चिन' तर गोजू-र्यू या दुसऱ्या शैलीतील. शैलीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणे कठीण होते. स्पर्धांना त्यांनी आपल्या संघटनेत स्थान दिले, मात्र काताकडे दुर्लक्ष होऊ दिले नाही. पुढे त्यांना दहावा दान, म्हणजे कराटेतील सर्वोच्च श्रेणी, देण्यात आली. संघटनेचा पसारा शंभराहून अधिक देशांत पोहोचला.

वयाच्या ८८ व्या वर्षी कानाझावा यांचे निधन झाले. संघटनेची धुरा आता त्यांचे पुत्र नोबुआकी यांच्याकडे आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा प्रथमच समावेश झाला होता. ते सामने २०२१ च्या ऑगस्टमध्ये निप्पोन बुदोकान येथे झाले, तेव्हा ते पाहण्यास कानाझावा नव्हते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून हा खेळ पुन्हा वगळण्यात आला.