फ्रेंच आठव्या वर्षी की अकराव्या? प्राथमिक शाळेतील परकीय भाषेच्या प्रयोगांचा मागोवा

परकीय भाषा लहानपणीच शिकवावी, मूल ती सहज आत्मसात करते, असा समज जगभरातील पालकांमध्ये रूढ आहे. मुंबई-पुण्यातील अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी फ्रेंच वा जर्मनचे वर्ग सुरू केले, त्यामागेही हाच विचार होता. या समजाची मोठ्या प्रमाणावर आणि प्रदीर्घ काळ कसोटी घेतली गेली ती इंग्लंडमध्ये. तेथे प्राथमिक शाळेतील मुलांना फ्रेंच शिकवण्याचा प्रयोग १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षे चालला. त्याचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. त्यावरील वाद आजही संपलेला नाही.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये तोवर फ्रेंच हा प्रामुख्याने माध्यमिक शाळेचा, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षापासूनचा विषय होता. तोही मुख्यतः निवडक विद्यार्थी घेणाऱ्या ग्रामर स्कूलमधील. साठच्या दशकात चित्र पालटू लागले. ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश मागत होता. ध्वनिफीत आणि चित्रफितींच्या साह्याने भाषा शिकवण्याची नवी पद्धत आली होती. माँट्रियलचे ख्यातनाम मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी, लहान मुलाचा मेंदू भाषा ग्रहण करण्यास अधिक लवचिक असतो, असा विचार मांडला होता. लीड्स येथे एका छोट्या वर्गावर झालेल्या प्रयोगाने उत्साहात भर घातली.

शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल यांनी मार्च १९६३ मध्ये पथदर्शी योजनेची घोषणा केली. सप्टेंबर १९६४ पासून इंग्लंड आणि वेल्समधील १३ विभागांतील निवडक प्राथमिक शाळांत आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवण्यास प्रारंभ झाला. नफील्ड फाउंडेशनने त्यासाठी 'आँ नाव्हाँ' हा पाठ्यक्रम तयार केला. मूल्यमापनाची जबाबदारी नॅशनल फाउंडेशन फॉर एज्युकेशनल रिसर्च या संस्थेकडे देण्यात आली. तीन तुकड्यांतील मिळून सुमारे १८ हजार मुलांच्या प्रगतीची नोंद ठेवण्यात आली.

वर्गातील स्वरूप

ही फ्रेंच प्रथमतः कानांची आणि जिभेची होती. गाणी, खेळ, चित्रे, ध्वनिफितीवरील संवाद यांवर भर होता. वाचन-लेखन मुद्दाम पुढे ढकलले होते. शिकवणारे बहुधा वर्गाचेच नेहमीचे शिक्षक होते. त्यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग घेण्यात आले. तरीही ज्या भाषेत आपण स्वतः सहज बोलत नाही, ती मुलांना बोलायला शिकवण्याचे अवघड काम अनेकांच्या वाट्याला आले.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला फ्रेंचच्या काही गोष्टी मुळातच परक्या असतात. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते. 'लिव्र' (पुस्तक) पुल्लिंगी, तर 'ताब्ल' (टेबल) स्त्रीलिंगी. 'त्यु' आणि 'व्हू' हा भेद म्हणजे आपल्याकडील 'तू' आणि 'तुम्ही'. मराठी मुलाला या दोन्ही कल्पना मातृभाषेतूनच ठाऊक असतात. त्याला अडते ते अन्यत्र: लिहिलेली पण न उच्चारली जाणारी अक्षरे, विशिष्ट अनुनासिक स्वर आणि आकडे. फ्रान्समध्ये सत्तरला 'साठ-दहा', ऐंशीला 'चार-वीस' आणि नव्वदला 'चार-वीस-दहा' म्हणतात.

१९७४ चा अहवाल

क्लेअर बर्स्टॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंतिम अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठव्या वर्षी प्रारंभ करणाऱ्या मुलांची तुलना अकराव्या वर्षी प्रारंभ करणाऱ्यांशी करण्यात आली होती. तेराव्या वर्षी पहिला गट ऐकण्यात आणि बोलण्यात पुढे होता. वाचन-लेखनात मात्र दुसरा गट बरोबरीचा वा सरस ठरला. सोळाव्या वर्षापर्यंत लवकर शिकणाऱ्यांची आघाडी केवळ ऐकून समजण्यापुरती उरली. फ्रेंच बोलण्याविषयी त्यांचा दृष्टिकोन अधिक अनुकूल होता, हेही अहवालात नोंदवले आहे. एकंदरीत तीन अधिक वर्षांच्या तुलनेत मिळालेला लाभ भरीव नाही, असा निष्कर्ष निघाला. योजनेचा देशव्यापी विस्तार झाला नाही आणि बहुतेक शाळांतून फ्रेंच हळूहळू मागे पडली.

टीकाकारांचे आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखे नव्हते. माध्यमिक शाळेत गेल्यावर तीन वर्षे फ्रेंच शिकलेली मुले अनेक ठिकाणी नवशिक्यांच्याच वर्गात बसवली गेली. त्यांना पुन्हा 'बाँझूर'पासून आरंभ करावा लागला. अशा स्थितीत आघाडी टिकली नाही, तर दोष वयाचा की व्यवस्थेचा, हा त्यांचा प्रश्न होता.

संशोधन काय सांगते?

नंतरच्या अभ्यासांनी या चित्राला बरीच स्पष्टता आणली. बार्सिलोना येथे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवर झालेल्या, कार्मेन मुन्योझ यांच्या नेतृत्वाखालील संशोधनात आढळले, की शिकवण्याचे तास समान असतील तर उशिरा प्रारंभ करणारी मोठी मुले अधिक वेगाने प्रगती करतात. मोठ्या मुलाला वाचन येते, नियम समजतात, अभ्यासाची सवय असते. लहान मूल भाषा नकळत शिकते हे खरे. परंतु त्यासाठी ती भाषा त्याच्या कानांवर दिवसभर पडावी लागते. आठवड्याच्या एका तासात ते साधत नाही.

याची दुसरी बाजू कॅनडात दिसते. माँट्रियलजवळील सेंट लँबर्ट येथे इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहावरून १९६५ मध्ये बालवर्गापासून संपूर्ण शिक्षण फ्रेंचमधून देणारा वर्ग सुरू झाला. तेथे फ्रेंच हा विषय नव्हता, माध्यम होते. ही मुले फ्रेंच उत्तम समजू लागली आणि त्यांचे इंग्रजीही कालांतराने मागे राहिले नाही. बोलण्या-लिहिण्यातील व्याकरणाच्या चुका मात्र पुष्कळ काळ राहिल्या. 'इमर्शन' या नावाने ही पद्धत पुढे कॅनडाभर पसरली.

पुन्हा तोच प्रश्न

इंग्लंडने हा विषय कायमचा मिटवला नाही. डिसेंबर २००२ च्या राष्ट्रीय भाषा धोरणात, २०१० पर्यंत सात ते अकरा वयोगटातील प्रत्येक मुलाला परकीय भाषा शिकण्याची संधी देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. सप्टेंबर २०१४ पासून सरकारी अभ्यासक्रमात या वयोगटासाठी एक परकीय भाषा, प्राचीन वा आधुनिक, अनिवार्य झाली. कोणती, हे शाळा ठरवते. सर्वाधिक शाळांची पसंती फ्रेंचलाच आहे. अडचणी मात्र ओळखीच्या आहेत: आठवड्याला जेमतेम तासभर किंवा त्याहून कमी वेळ, भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची उणीव आणि माध्यमिक शाळेशी तुटलेला सांधा.

स्वित्झर्लंडमध्ये तर फ्रेंच ही देशाचीच एक राष्ट्रभाषा. तरीही जर्मन भाषक झ्युरिकच्या कँटन विधिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती प्राथमिक शाळेतून काढून माध्यमिक स्तरावर नेण्याच्या बाजूने कौल दिला. तेथे हा प्रश्न शैक्षणिक न राहता राष्ट्रीय एकात्मतेचा झाला आहे.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. २००० मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य करण्याचा शासन निर्णय निघाला आणि तीव्र विरोधानंतर जूनअखेर त्यासंबंधीचे निर्णय मागे घेण्यात आले. इंग्रजी आणि हिंदी येथील मुलाच्या कानांवर शाळेबाहेरही पडतात. इंग्लंडमधील मुलाच्या कानांवर फ्रेंच पडत नाही. त्यामुळे तेथील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत.

तथापि पालकांना आणि धोरणकर्त्यांना त्यातून तीन कसोट्या मिळतात. शिक्षकाला ती भाषा अस्खलित येते काय? आठवड्यात तिला पुरेसा वेळ आहे काय? आणि पुढील शाळा मुलाला जेथे तो पोहोचला तेथूनच पुढे नेणार आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर लवकर केलेला प्रारंभ सार्थकी लागतो. अन्यथा मुलाच्या हाती काही गाणी आणि रंगांची नावे उरतात, आणि अकराव्या वर्षी आरंभ करणारा त्याचा सोबती त्याला लवकरच गाठतो.