बोट ठेवणारा

हिशेबात चूक असणे यात नवल नाही. ती सापडत नाही, यातच कारकुनाचा जन्म जातो. मी बँकेत लागलो तेव्हा शाखेतल्या खातेवह्या शेवटचे श्वास मोजत होत्या. एका सहामाहीला ९ पैशांचा फरक आला. फरक नऊने भागला गेला की आकडे उलटे पडलेत असे समजावे, एवढे कॉमर्सने शिकवले होते. पण पान कुठले? मग एकजण व्हाउचर पुकारी, दुसरा वहीत बोट फिरवी. रात्री साडेअकराला ५४ चे ४५ सापडले.

परवा भाच्याने हीच जोडी कॉम्प्युटरवर दाखवली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली जीएनयू ईमॅक्स हा एडिटर बाहेर काढला आणि १९८६ साली जीडीबी हा चुका हुडकणारा प्रोग्रॅम लिहिला. जीडीबी चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवतो, त्याच्या पोटातले आकडे सांगतो. ओळी वाचूनही दाखवील, पण वही उघडून देणार नाही. म्हणून त्याला ईमॅक्सच्या आतच चालवायचे. थांबला, की तो फाइलचे नाव आणि ओळीचा नंबर हळूच ईमॅक्सच्या कानात सांगतो. ईमॅक्स ती फाइल उघडून नेमक्या ओळीवर बाण ठेवतो. दुरुस्ती तिथल्या तिथे!

"दोघे एकाच माणसाचे, म्हणून पटते," मी म्हणालो. "आमच्याकडे त्या रात्री पुकारणाऱ्याने उगाच साहेबांची बोलणी खाल्ली."

"आणि बोट कुणाचं होतं, मामा?"

बोट माझे होते. ते ४५ सुद्धा माझ्याच अक्षरातले.