चाई आणि तिचा खर्च

डोक्यावर किंवा दाढीत अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, त्याला मराठीत चाई म्हणतात. आयुर्वेदातले नाव इंद्रलुप्त. पित्त आणि वात केस पाडतात, मग कफ व रक्त रोमकूप बुजवतात, अशी सुश्रुतसंहितेची उपपत्ती. जागा खरवडून तिच्यावर गुंजेचा लेप द्यावा, हा तिथला एक उपाय. गुंज विषारी आणि दाहक. तरी ती उगाळून लावण्याची रीत घरगुती औषधांत टिकली.

युरोपात या रोगाने पैशापेक्षा जास्त अब्रू खाल्ली. 1843 मध्ये पॅरिसच्या ग्रुबी या डॉक्टरने मुलांच्या डोक्यातल्या नायट्याची बुरशी शोधली, पण तिचे नाते चाईच्या चट्ट्यांशीही जोडले. चाई संसर्गजन्य असल्याचा समज त्यामुळे बळावला. फ्रान्समध्ये त्यावर अनेक दशके वाद चालला आणि निरुपद्रवी चट्ट्यापायी मुलांना शाळेबाहेर बसावे लागले.

खरे कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले: शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी केसांच्या मुळांभोवती गोळा होतात. मुळे मात्र मरत नाहीत, त्यामुळे केस पुष्कळदा आपोआप परततात आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळते. गुंजेची कीर्ती बहुधा अशीच वाढली असावी. अर्थात 1970 च्या दशकात युरोपातल्या डॉक्टरांनीही कातडीवर मुद्दाम ॲलर्जी उठवणारी रसायने लावून केस उगवले, तेव्हा सुश्रुताचा दाहक लेप अगदीच निराधार म्हणवत नाही.

आयुष्यात कधी ना कधी चाई होण्याचा संभव सुमारे 2 टक्के. थोड्या चट्ट्यांना स्टेरॉइडची इंजेक्शने पुरतात. सगळे डोके, भुवया, पापण्या गेल्या की विग, डॉक्टरांच्या फेऱ्या, बुडालेली कामे आणि नैराश्य यांचा भार पडतो. विमा कंपन्या मात्र त्याला सौंदर्याचा प्रश्न म्हणून हात झटकत आल्या.

2022 मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब या गोळीला तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. मोठ्या मात्रेवर 36 आठवड्यांत एक तृतीयांशाहून थोड्या अधिक रुग्णांचे डोके 80 टक्के किंवा जास्त भरले. पुढच्या वर्षी आलेल्या रिटलेसिटिनिब या दुसऱ्या औषधाची तिथली छापील किंमत वर्षाला सुमारे 49,000 डॉलर होती. या गोळ्या थांबवल्या की बहुतेकांचे केस पुन्हा गळतात, म्हणून हा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो.