वॉटफर्डची खिंड

सह्याद्रीचे घाट उतरलेल्या मनुष्यास वॉटफर्डच्या खिंडीला खिंड म्हणताना संकोच वाटेल; कारण इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशर परगण्याच्या पश्चिमेस, 1974 ते 2021 या काळात डॅव्हेंट्री जिल्हा म्हणून ज्याचा कारभार चालला, त्या आपल्या तालुक्याएवढ्या मुलखातील सर्वांत उंच टेकडी, आर्बरी हिल, अवघी 225 मीटरची आहे. तथापि याच ठेंगण्या टेकड्यांच्या आसमंतात नीन, चेरवेल आणि लीम या तीन नद्या उगम पावून अनुक्रमे पूर्वेस, दक्षिणेस आणि पश्चिमेस निघून जातात, आणि त्यांच्यामधून वायव्येकडे जाण्यास जी सुलभ सखल वाट आहे, तिच्यावरच प्रत्येक युगाची दृष्टी गेली.

रोमन लोकांची वॉटलिंग स्ट्रीट येथूनच गेली. 1814 साली सात पाणपायऱ्या चढून कालवा आला. 1838 साली लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग आला. हे सारे अर्ध्या किलोमीटरच्या आत! लोहमार्गास मात्र खिंडीपलीकडे किल्सबीचा डोंगर पोखरावा लागला, आणि चाचणीदाखल घेतलेल्या छिद्रांना न गवसलेली पाण्याने भरलेली वाळू तेथे अकस्मात फुटल्यामुळे लोहमार्गाचा अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन याला महिनोन्‌महिने वाफेचे पंप चालवून तो जलसंचय उपसावा लागला. त्या बोगद्याची अठरा मीटर व्यासाची दोन धुराडी आजही शेतांतून बुरुजांसारखी उभी आहेत.

या उलाढालीत डॅव्हेंट्री गावाची मात्र उपेक्षा झाली. टपालगाड्यांच्या घोड्यांवर आणि उतारूंच्या मुक्कामांवर पोसलेल्या तेथील सरायांना आगगाडीने ओहोटी लावली. 1888 साली मुख्य लोहमार्गावरील वीडनहून एक फाटा मिळाला, पण तोवर वैभव गेलेले होते. गावाचे नाव जगभर झाले ते रस्त्यांमुळे नव्हे, तर बरो हिलवरील बीबीसीच्या प्रक्षेपण केंद्रामुळे. 1932 पासून तेथून निघालेल्या लघुलहरी हिंदुस्थानातील श्रोत्यांपर्यंतही पोहोचत.

फाट्यावरील उतारूंची वाहतूक 1958 साली बंद झाली, आणि पुढल्याच वर्षी, 2 नोव्हेंबर 1959 रोजी, खिंडीतून एम-वन हा मोटारींचा महामार्ग खुला झाला. त्याच दिवशी त्याच्या कडेला वॉटफर्ड गॅप नावाचा विश्रामथांबाही उघडला. आणि डॅव्हेंट्रीच्या सरायांनी गमावलेले प्रवासी चहासाठी तेथे उतरू लागले.