रजेची वही

रजा हा शब्द उच्चारताच साहेब, अर्ज आणि त्यावरील सही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आता तर अर्जाचा कागदही पुष्कळ ठिकाणी उरला नाही. प्रत्येक नोकराच्या नावापुढे त्याचे नियम संगणकात भरून ठेवतात, आणि रजा किती दिवस आधी मागावी, किती शिल्लक आहे, हे यंत्रच सांगते. परंतु असा हिशेब माणसागणिक लिहिला जाऊ लागला, त्यामागे मुंबईच्या गिरणगावची मोठी हकीकत आहे.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्या दिल्या. पण त्या मुलांना. थोरांच्या वाट्याला काहीच आले नाही. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणीकामगारांच्या सभा भरल्या. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. रविवार मोकळा असावा, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावे, अशा त्यातील मागण्या होत्या. सूर्यास्ताला घरी जाणे ही सवलत म्हणून मागावी लागे, एवढ्यावरून त्या काळाची कल्पना यावी! रविवार पदरात पडला तो १८९० च्या जूनमध्ये. पुढल्या वर्षी साप्ताहिक सुटी कायद्यातच आली.

पण सुटी निराळी आणि रजा निराळी. कोकणातल्या माणसाला शिमग्याला किंवा पेरणीला गावी जावयाचे झाले, तर जॉबरची मनधरणी करावी लागे. तो परत येईतो त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा असावयाचा, आणि तेवढ्या दिवसांचा पगार तर बुडालेलाच. बारमाही कारखान्यांत वर्षभर राबणाऱ्यास दहा दिवसांची भरपगारी रजा देणारी दुरुस्ती व्हावयास १९४५ साल उजाडले.

१९४८ चा कायदा आणि त्याची १९५४ ची दुरुस्ती यांनी मात्र हिशेब बारकाईने बांधला. वर्षात २४० दिवस भरले, की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा. अर्ज पंधरा दिवस आधी करावा, लोकोपयोगी धंद्यांत तीस दिवस आधी. वर्षातून तीन वेळांहून अधिक रजा मागू नये. आजाऱ्याला मात्र मुदतीचे बंधन नाही. (२०२० च्या संहितेने २४० चे १८० दिवस केले.) मुंबई इलाख्याच्या परंपरेतील नियमांनी तर कामगाराच्या हाती रजेची वहीच दिली, आणि ती वही त्याच्या मालकीची ठरविली.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते एक लहानसे कलम. न घेतलेली रजा पुढील वर्षी तीस दिवसांपर्यंतच नेता येई. परंतु रीतसर मागूनही जी नाकारली गेली, तिला ही मर्यादा नव्हती. नकाराचे ओझे अशा रीतीने नाकारणाऱ्याच्याच खाती साचत जाई. संगणकात नियम भरणारे कारकून शिल्लक रजेचा आकडा चोख भरतात. नाकारलेल्या रजेचा रकाना पुष्कळदा तेवढा कोराच राहतो.