ग्वायुले : ताणावर पिकणारे रबर

संत्र्याचा किंवा डाळिंबाचा बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी तोडतात. त्याला आपल्याकडे ‘ताण देणे’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेसमोर याच ताणाचा प्रश्न उभा राहिला. पीक मात्र फळाचे नव्हते, रबराचे होते.

ग्वायुले हे उत्तर मेक्सिको आणि टेक्सासच्या चिवावा वाळवंटातले राखाडी, जेमतेम कमरेएवढे झुडूप. आपल्या रस्त्यांकडेला माजणारे गाजर गवत याच ‘पार्थेनियम’ प्रजातीतले आहे. एकाने सैन्याची चाके फिरवावीत आणि दुसऱ्याने शेतकऱ्याला छळावे, असे हे भाऊबंद!

रबराच्या झाडाला खाच पाडली की चीक गळतो. ग्वायुलेत तशा नलिकाच नाहीत. रबर साल आणि खोडातील पेशींमध्ये साठते, म्हणून झुडूपच उपटून दळावे लागते. पाणी मुबलक असेल तर झुडूप वाढत राहते. पाणी तुटले किंवा थंडी पडली की वाढ थांबते आणि पानांनी केलेले अन्न रबराकडे वळते. हे रबर म्हणजे एका अर्थी तहानेची साठवण आहे.

१९१० च्या सुमारास अमेरिकेत लागणाऱ्या रबरापैकी जवळपास निम्मे मेक्सिकोतील रानटी ग्वायुलेपासून येत होते. त्यानंतर झुडपांची बेसुमार तोड आणि मेक्सिकन क्रांती यांनी हा धंदा खिळखिळा केला. इंटरकॉन्टिनेंटल रबर कंपनीने कॅलिफोर्नियातील सलिनास येथे लागवड आरंभली. १९३० मध्ये मेजर ड्वाइट आयझेनहॉवर यांनी तिची पाहणी करून सरकारने या पिकाला पाठबळ द्यावे असा अहवाल दिला. तो धूळ खात पडला.

१९४२ च्या आरंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेचा सुमारे ९० टक्के रबरपुरवठा तुटला. ५ मार्च १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी तातडीच्या रबर प्रकल्पाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढे सुमारे ३२,००० एकरांवर ग्वायुले उभे राहिले.

आणि इथेच पेच पडला. नाजूक रोपांना पाणी हवेच होते. सलिनासच्या रोपवाटिकांत वरून तुषार सोडले जात, आणि लावणीपूर्वी पाणी कमी करून रोपे काटक केली जात. शेतात मात्र हिशेब उलटा होई. सतत भिजवलेले झुडूप भरदार होई, पण त्यात रबराचे प्रमाण कमी. कोरडे ठेवलेले खुरटे राही, पण रबराने समृद्ध. पाणी आणि ताण यांची आलटूनपालटून योजना केली तर काय साधते, याचे प्रयोग युद्धकाळात झाले. ताण मुरायला मात्र वर्षे लागतात, आणि युद्धाजवळ वर्षे नव्हती. शिवाय ओलिताची जमीन अन्नपिकांसाठी हवी होती. ती ग्वायुलेला देण्यास शेतकरी नाखूश होते.

याच काळात मॅन्झनार येथे सुमारे दहा हजार जपानी-अमेरिकी तारेच्या कुंपणाआड होते. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. ज्या ओवेन्स खोऱ्यात ही छावणी होती, त्याचे पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसला जात होते, आणि मॅन्झनारच्या सफरचंदाच्या बागा त्यापायी ओसाड झाल्या होत्या. कॅलटेकचे जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट एमर्सन यांनी सलिनासहून टाकाऊ रोपे मिळवून दिली. शिंपे निशिमुरा, वॉल्टर वातानाबे आदी बंदिवानांनी कामचलाऊ साधनांवर छाटकलमांना मुळे फोडली आणि रबर काढण्याची पद्धतही सुधारली. ज्या राज्याने त्यांना शत्रू ठरवले, त्याच राज्यासाठी ते रबर पिकवत होते. सरकारी प्रकल्पाच्या कथनात या माणसांना क्वचितच जागा मिळते, हा अन्यायच होय.

युद्ध संपले, कृत्रिम रबर स्वस्त झाले, आग्नेय आशियाचा माल परतला. प्रकल्पाच्या हाती सुमारे ३० लाख पौंड रबर आले होते. शेतात उभी, रबर मुरू लागलेली झुडपे १९४५-४६ मध्ये नांगरून, जाळून टाकली आणि जमिनी मालकांना परत दिल्या.

२०२२ मध्ये ॲरिझोनातील पिनल काउंटीच्या शेतकऱ्यांचे कोलोरॅडो नदीचे पाणी कापले गेले. त्याच काउंटीत, इलॉय येथे, एका टायर कंपनीच्या प्रायोगिक शेतावर आज ग्वायुले उभे आहे. कापूस आणि लसूणघासापेक्षा त्याला पाणी कमी लागते.